एम-१ कार्बाइन : विश्वासार्हता व घडण यांचे पुनर्मूल्यांकन

प्रास्ताविक

दुसऱ्या महायुद्धातील शस्त्रास्त्रांविषयी जे लेखन उपलब्ध आहे, त्यात अमेरिकन एम-१ कार्बाइनइतकी परस्परविरोधी मते क्वचितच एखाद्या शस्त्राच्या वाट्याला आली असतील. युरोपातील आघाडीवर ज्या सैनिकांनी ती हलकी, सुटसुटीत आणि भरवशाची म्हणून उचलून धरली, त्यांच्याच सैन्यातील पुढच्या फळीने कोरियात तिला निरुपयोगी ठरविले. दोन्ही साक्षी प्रत्यक्ष वापर करणाऱ्यांच्या आहेत, म्हणून दोन्ही टाळता येत नाहीत. संरक्षणशास्त्राच्या वर्गात विद्यार्थी बहुधा यांपैकी एकच बाजू ठामपणे मांडतात, आणि शिक्षकही अनेकदा मान डोलावून पुढे जातो. प्रस्तुत लेखकाने हे शस्त्र कधी चालविलेले नाही, हे प्रथमच नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. येथील विवेचन रचना, उत्पादनाचा इतिहास आणि नोंदविलेल्या साक्षी यांवर आधारलेले आहे.

ज्या प्रयोजनासाठी वस्तू घडविली गेली, त्या प्रयोजनाच्या मापाने तिचे मोजमाप व्हावे, हा समीक्षेचा साधा नियम आहे. कार्बाइनच्या बाबतीत हा नियम फारसा पाळला गेलेला दिसत नाही. १९४० मध्ये अमेरिकन लष्कराला जे हवे होते ते पायदळाच्या मुख्य रायफलीचा पर्याय नव्हते. तोफखान्याचे गोलंदाज, वाहनचालक, संदेशवाहक, मशीनगनवरील सैनिक आणि अधिकारी यांना पिस्तुलापेक्षा अधिक पल्ल्याचे, पण रायफलीइतके ओझे नसलेले शस्त्र हवे होते. गॅरँड रायफलीचे वजन सुमारे ४.३ किलो होते, तर कार्बाइनचे सुमारे २.४ किलो. विंचेस्टर कंपनीचा नमुना मान्य होऊन ऑक्टोबर १९४१ मध्ये ती अधिकृतपणे स्वीकारली गेली. मूळ दर्शकाला दोनच पाती होती, एक १५० यार्डांसाठी आणि एक ३०० यार्डांसाठी. आखणाऱ्यांच्या मनात कोणता पल्ला होता, हे त्या दोन पात्यांवरूनच कळते.

रचनेतील गुण

कार्बाइनच्या विश्वासार्हतेचा गाभा तिच्या वायुयंत्रणेत आहे. गॅरँडमध्ये नळीच्या टोकाजवळून वायू घेतला जातो आणि लांब दांडा मागे ढकलला जातो. कार्बाइनमध्ये वायू चेंबरच्या बऱ्याच जवळून घेतला जातो. तेथे बसविलेला आखूड दट्ट्या केवळ काही मिलिमीटर सरकतो आणि सरकदांड्याला एक जोरदार ठोसा देऊन थांबतो. पुढचे सर्व काम, म्हणजे फिरणारा बोल्ट उघडणे, रिकामे कवच फेकणे, नवे काडतूस आत घेणे, हे त्या सरकदांड्याने मिळविलेल्या गतीवर चालते. दट्ट्या आखूड असल्यामुळे हलणाऱ्या भागांचे वस्तुमान कमी राहते, आणि शस्त्र हलके होण्यामागे हेही एक कारण आहे. तथापि याच गुणात पुढे येणाऱ्या दोषाचे बीज आहे. हलत्या भागांचे वस्तुमान कमी असले की त्यांत साठणारी शिल्लक ऊर्जाही कमी असते. घाण, गोठलेले वंगण किंवा थकलेली स्प्रिंग यांचा अडथळा ओलांडण्यासाठी नेमकी तीच शिल्लक कामी येते.

दट्ट्या आखूड आणि बंदिस्त असल्यामुळे सैनिकाने तो रणांगणावर उघडून साफ करणे अपेक्षित नव्हते. म्हणून या काडतुसासाठी आरंभापासूनच गंज न आणणारी पेटकी वापरली गेली. त्या काळी लष्कराच्या इतर बहुतेक काडतुसांत गंजकारक पेटकी होती, हे लक्षात घेतले तर या निर्णयाचे महत्त्व कळते. शस्त्राची विश्वासार्हता केवळ शस्त्रात नसते, काडतुसातही असते, याचे इतके स्पष्ट उदाहरण माझ्या माहितीत दुसरे नाही.

या शस्त्राच्या शोधाचे श्रेय सर्वसाधारणपणे डेव्हिड मार्शल विल्यम्स याला दिले जाते. तुरुंगात असताना बंदुकांची रचना करणारा हा माणूस १९५२ च्या 'कार्बाइन विल्यम्स' या चित्रपटामुळे जगभर परिचित झाला. आखूड दट्ट्याचे तत्त्व त्याचे होते, हे खरे. परंतु पहिला नमुना सुमारे १३ दिवसांत उभा केला तो विंचेस्टरच्या अभियंत्यांच्या गटाने. एकट्या प्रतिभावंताची कथा सांगायला सोपी असते, पण तिच्यामुळे घडणीचा विचार मागे पडतो.

घडणीचा प्रश्न

१९४२ च्या मध्यापासून ऑगस्ट १९४५ पर्यंत साठ लाखांहून अधिक कार्बाइन तयार झाल्या. युद्धकाळात अमेरिकेने बनविलेल्या लहान शस्त्रांत कोणत्याही एका प्रकाराची ही सर्वांत मोठी संख्या होय. आणि बनविणारे कोण होते? जनरल मोटर्सचा इनलँड विभाग, मोटारींचे स्टिअरिंग बनविणारी सॅगिनॉ, टाइपरायटरची अंडरवुड, आयबीएम, टपाल यंत्रे बनविणारी नॅशनल पोस्टल मीटर, आणि ज्यूकबॉक्स बनविणारी रॉक-ओला. मुख्य दहा कंत्राटदारांत बंदुकांचा जुना अनुभव असलेली प्रस्थापित कंपनी म्हणजे विंचेस्टर एकच. त्यांच्या मागे सुटे भाग पुरविणाऱ्या अनेक उपकंत्राटदारांची साखळी होती आणि एका कारखान्यात भाग कमी पडले की ते दुसऱ्याकडून आणले जात.

अशा परिस्थितीत घडण ढासळणे स्वाभाविक मानले जाईल. प्रत्यक्षात तसे झाले नाही, आणि माझ्या मते कार्बाइनच्या मूल्यांकनातील सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच आहे. ट्रिगरचे घर कोणी एका ठोकळ्यातून कापून काढले, तर कोणी पत्र्याचे भाग झाळून जोडले. बाह्य रूपात फरक पडला, पण अदलाबदलीची क्षमता टिकली. मापे काटेकोर ठेवायची आणि ती गाठण्याची पद्धत कारखान्यावर सोडायची, असे हे धोरण होते. टाइपरायटर बनविणाऱ्याला बंदूक ठाऊक नसते, पण मिलिमीटरच्या अंशांत काम करणे त्याला ठाऊक असते.

तपासणी केवळ कागदावर नव्हती, याचा पुरावा आयर्विन-पेडरसन कंपनीच्या प्रकरणात मिळतो. तिच्याशी जॉन पेडरसनसारख्या ख्यातनाम शस्त्ररचनाकाराचे नाव जोडलेले होते. तरीही तिने बनविलेल्या काही हजार कार्बाइनांपैकी एकही लष्कराने स्वीकारली नाही. १९४३ मध्ये कंत्राट काढून घेऊन कारखाना सॅगिनॉकडे सोपविण्यात आला. ज्यूकबॉक्सवाले उत्तीर्ण झाले आणि शस्त्ररचनाकार अनुत्तीर्ण ठरला, यातील उपरोध दुर्लक्षिण्याजोगा नाही.

दोष नव्हते असे नाही. आरंभीचा सेफ्टी कॅच दाबण्याचा होता आणि मॅगझिन सोडण्याचे बटण त्याच्या शेजारीच होते. ऐन प्रसंगी सैनिकाचे बोट चुकीच्या बटणावर पडे आणि भरलेले मॅगझिन जमिनीवर. पुढे फिरणारा खटका बसवून ही चूक सुधारली गेली. पातळ पत्र्याच्या मॅगझिनचे ओठ वाकणे ही तक्रार मात्र शेवटपर्यंत राहिली.

कोरियातील साक्ष

१९५०-५१ च्या हिवाळ्यात एस. एल. ए. मार्शल यांनी कोरियातील सैनिकांच्या मुलाखतींवरून जो अहवाल लिहिला, त्यात कार्बाइनवर कठोर टीका आहे: थंडीत ती अडकते, आणि गोळी लागूनही शत्रू पडत नाही. मार्शल यांच्या महायुद्धकालीन संशोधनपद्धतीवर १९८८ मध्ये रॉजर स्पिलर यांनी गंभीर शंका घेतल्या आहेत, म्हणून हा अहवालही बाजूला सारावा असे काही समर्थक सुचवितात. मला ते मान्य नाही. चोसिन जलाशयाच्या परिसरात पारा उणे ३० अंश सेल्सियसच्या आसपास उतरला असताना लढलेल्या सैनिकांच्या तक्रारी केवळ मार्शल यांच्या टिपणांत नाहीत. ज्याचे शस्त्र शत्रू समोर असताना अडकले, त्याला आकडेवारी दाखवून गप्प करता येत नाही.

मात्र दोन तक्रारी वेगळ्या करून पाहाव्या लागतील. अडकण्याची तक्रार रचनेशी जुळते. कोरियात जे शस्त्र हाती होते ते पुष्कळदा एम-२ होते, म्हणजे १९४४ मध्ये पूर्ण स्वयंचलित माराची सोय जोडलेला प्रकार. मिनिटाला सुमारे ७५० गोळ्यांचा वेग आणि ३० काडतुसांचे मॅगझिन यांचा भार ज्या यंत्रणेवर टाकला गेला, ती मुळात अर्धस्वयंचलित माऱ्यासाठी आणि १५ काडतुसांसाठी मोजूनमापून बनविलेली होती. लांब मॅगझिनच्या तळातून काडतूस वेळेवर वर येण्यास अधिक ताकदीची स्प्रिंग लागते, आणि वंगण घट्ट झाले की बोल्टकडील शिल्लक ऊर्जा आधीच संपते. तेव्हा दोष खरा आहे, परंतु त्याचा मोठा हिस्सा रूपांतराचा निर्णय घेणाऱ्यांकडे जातो.

दुसरी तक्रार, म्हणजे जाड कापसाच्या कोटातून गोळी पार होत नाही ही, भौतिकशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. ७.१ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ६०० मीटर वेगाने नळीबाहेर पडते. तिची ऊर्जा सुमारे १,३०० जूल, म्हणजे लष्करी ९ मि.मी. पिस्तुलाच्या दुपटीहून अधिक. कोटाने ती अडविली असे मानण्यापेक्षा, गोठलेल्या बोटांनी आणि स्वयंचलित माऱ्याने नेम चुकला असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. रायफलीच्या गोळीइतका आघात ती करीत नाही, हे मात्र निर्विवाद. तशी अपेक्षा आराखड्यातही नव्हती.

अखेरीस एक अडचण. आज संग्रहालयांत किंवा संग्राहकांकडे ज्या कार्बाइन पाहायला मिळतात, त्यांतील पुष्कळशा युद्धानंतर लष्करी शस्त्रागारांत उघडून, निरनिराळ्या कारखान्यांचे भाग मिसळून पुन्हा जोडलेल्या आहेत. दर्शक, सेफ्टी कॅच, संगीन लावण्याची सोय असलेले कडे, हे सर्व त्या वेळी बदलले गेले. त्यांखेरीज युद्धोत्तर खासगी कंपन्यांनी विक्रीसाठी काढलेल्या नकला आहेत. त्यांतील काहींचा रिसीव्हर घडीव नसून ओतीव आहे आणि त्यांची कामगिरी मूळ शस्त्राच्या नावावर खपविली जाते. एखाद्याने "मी कार्बाइन चालविली आहे, ती भरवशाची नाही" असे म्हटले, तर पहिला प्रश्न तिच्या रिसीव्हरवर कोणाचा शिक्का होता हा असावा, आणि दुसरा, मॅगझिन कोणते होते हा.