'कोको' : लहान मुलांना दाखवावा काय?

विहारातील बालवर्गात किंवा घरी मुलांना एखादा ॲनिमेशनपट दाखवावयाचा असला म्हणजे वडीलधारी मंडळी प्रायः दोनच गोष्टी पाहतात. त्यात फार मारामारी नाही ना, आणि अश्लील काही नाही ना. या दोन कसोट्यांना चित्रपट उतरला की मुलांना पडद्यासमोर बसवून मोठी माणसे आपापल्या कामास लागतात. ही परीक्षा अपुरी आहे, असे आमचे मत आहे. चित्रपट मुलाला जगाविषयीचा कोणता नियम शिकवितो, हेही पाहिले पाहिजे. भीतिदायक दृश्य चार दिवसांत विसरले जाते. मनात रुजलेला नियम वर्षानुवर्षे टिकतो. या दृष्टीने 'कोको' या चित्रपटाची चिकित्सा येथे करावयाची आहे. मृत्यू, पूर्वज आणि स्मरण हे त्याचे विषय आहेत, आणि तिन्ही विषय आपल्या वाचकांच्या घरातले आहेत.

पिक्सार या अमेरिकन संस्थेने २०१७ साली हा चित्रपट काढला. ली अंक्रिच हे त्याचे दिग्दर्शक व एड्रियन मोलिना हे सहदिग्दर्शक. लांबी सुमारे १०५ मिनिटे. २०१८ च्या ऑस्कर समारंभात त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपट आणि सर्वोत्कृष्ट गीत असे दोन सन्मान मिळाले. अमेरिकेत त्याला 'पी.जी.' हे प्रमाणपत्र आहे. म्हणजे मुलांनी तो पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावा, अशी अपेक्षा आहे. कथा मेक्सिकोतील आहे. तेथे १ व २ नोव्हेंबर रोजी 'मृतांचा दिवस' पाळतात. घरात वेदी मांडून तीवर दिवंगत आप्तांची छायाचित्रे, त्यांच्या आवडीचे पदार्थ आणि झेंडूची फुले ठेवतात. झेंडू हे मूळचे मेक्सिकोचेच फूल. आपल्याकडे ते तिकडूनच आले. २००८ साली युनेस्कोने या प्रथेची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली.

कथासूत्र थोडक्यात असे. मिगेल हा बारा वर्षांचा मुलगा चर्मकाम करणाऱ्या, जोडे बनविणाऱ्या कुटुंबात वाढत आहे. त्याचा खापरपणजोबा गाण्यासाठी घर सोडून गेला तो परतलाच नाही, म्हणून या घरात संगीतास सक्त बंदी. मिगेलला मात्र गाण्याचेच वेड. एर्नेस्तो दे ला क्रूझ या दिवंगत नामवंत गायकाच्या समाधीतील गिटार तो उचलतो आणि त्या अपराधापायी जिवंतपणीच मृतांच्या नगरीत जाऊन पडतो. सूर्योदयापूर्वी एखाद्या पूर्वजाचा आशीर्वाद मिळाला नाही, तर तोही सांगाडा होऊन तेथेच राहावयाचा. तेथे त्याला एक्तोर नावाचा फाटका मनुष्य भेटतो. एर्नेस्तोने एक्तोरला विष देऊन मारले आणि त्याची गाणी स्वतःची म्हणून मिरविली, हे पुढे उघडकीस येते. हा एक्तोर म्हणजेच मिगेलचा खापरपणजोबा. त्याची मुलगी कोको ही मिगेलची पणजी. ती अद्याप जिवंत आहे, पण वार्धक्याने तिची स्मृती मावळत चालली आहे.

पालकांचा पहिला आक्षेप सांगाड्यांना असतो. तो आम्हांस फारसा ग्राह्य वाटत नाही. चित्रपटातील सांगाडे टोप्या घालतात, नाचतात, थट्टामस्करी करतात. त्यांचे मुंडके निसटले तर तेच ते उचलून पुन्हा बसवितात. मेक्सिकोच्या लोककलेत सांगाडा हा विनोदाचा विषय आहे. त्यामागे खोदचित्रकार होसे ग्वादालूपे पोसादा (१८५२–१९१३) यांची मोठी परंपरा उभी आहे. तरीही वयाचा विचार केलाच पाहिजे. मारिया नॉज या संशोधिकेने हंगेरीतील तीन ते दहा वर्षांच्या मुलांच्या मृत्युविषयक कल्पनांचा अभ्यास करून १९४८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनुसार पाच वर्षांखालील मुलांना मृत्यू हा एक प्रकारचा प्रवास वा झोप वाटतो. पाच ते नऊ या वयात मृत्यू म्हणजे कोणी एक व्यक्ती, असे वाटते. सुमारे नऊ वर्षांनंतर तो अटळ व सार्वत्रिक असल्याचे उमगते. पुढील संशोधकांना ही वये सर्वत्र तशीच आढळली नाहीत. तथापि मुलाची मृत्यूविषयीची समज टप्प्याटप्प्याने येते, हे सामान्यतः मान्य झाले आहे. ज्याला मेलेला माणूस परत येत नाही हेच अजून कळलेले नाही, त्याला मृत माणसे झेंडूच्या पुलावरून दरवर्षी घरी येतात असे दाखविणे म्हणजे पाया घालण्यापूर्वी वरचा मजला चढविणे होय.

सांगाड्यांपेक्षा एर्नेस्तोचे कृत्य अधिक भयंकर आहे. ज्याला मिगेल देव मानतो, ज्याला तो आपला पूर्वज समजतो, तोच मनुष्य त्याला खोल विवरात टाकतो आणि पुढे उंचावरून खाली फेकतो. राक्षसाने मुलाला छळले तर मूल ते सोसते, कारण राक्षसाकडून त्याची तीच अपेक्षा असते. प्रेमाने जवळ घेणाऱ्या माणसाने मारावयास उठावे, हे सहा वर्षांच्या मुलाला पचविणे अवघड जाते.

परंतु आमचा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. मृतांच्या नगरीचा एक नियम चित्रपटात पुनःपुन्हा सांगितला जातो. जिवंतांच्या जगात ज्याची आठवण काढणारा शेवटचा मनुष्य संपतो, तो मृत पुन्हा एकदा आणि कायमचा नाहीसा होतो. चिचारोन नावाचा एक म्हातारा असा डोळ्यांदेखत विरून जातो. हे दृश्य अत्यंत हृद्य आहे, आणि म्हणूनच त्याचा परिणाम खोल होतो. ज्या मुलाची आजी नुकतीच वारली आहे, त्याच्या मनात येथे कोणता विचार येईल? 'मी आजीला विसरलो तर ती माझ्यामुळे पुन्हा मरेल.' मूल विसरणारच. विसरणे हा बालमनाचा धर्मच आहे. त्या स्वाभाविक विसरण्याला चित्रपट अपराधाचे रूप देतो. दुःख हलके करावयास निघालेली कथा मुलाच्या खांद्यावर असे ओझे नकळत ठेवून जाते. या एका कारणासाठी मुलांना हा चित्रपट एकट्याने पाहू देऊ नये, असे आम्ही म्हणतो.

या नियमाची दुसरी बाजू आपल्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. मृतांच्या नगरीच्या वेशीवर नाका आहे आणि नाक्यावर कारकून आहेत. ज्याचे छायाचित्र कोणा घरच्या वेदीवर आहे त्यालाच पलीकडे जाता येते. ज्याचे नाही त्याला अडविले जाते. एर्नेस्तोसारखे प्रसिद्ध मृत उंच मनोऱ्यात राहतात, त्यांच्यापुढे नैवेद्याच्या राशी पडतात. विसरले गेलेले मृत नगरीच्या तळाशी मोडक्या झोपड्यांत राहतात. म्हणजे जिवंतपणीची विषमता मरणानंतरही सुटत नाही. पोसादाने नटव्या श्रीमंत स्त्रीचा सांगाडा काढला तो बड्यांचे आणि त्यांची नक्कल करणाऱ्यांचे सोंग उघडे पाडण्यासाठी. कातडी गेली की सर्व हाडे सारखीच. त्याच परंपरेतून सांगाडे उचलणाऱ्या या चित्रपटाने त्यांच्यात पुन्हा श्रेणी लावली, हा विपर्यास होय.

त्या झोपडवस्तीत एक सुंदर गोष्ट घडते, तिची नोंद केली पाहिजे. ज्यांना घर नाही, वेदी नाही, छायाचित्र नाही अशी ती माणसे एकमेकांना भाऊ, काका, मावशी म्हणून हाक मारतात. रक्ताचे नाते नसताना त्यांनी नाते जोडले आहे. आमच्या मते संपूर्ण चित्रपटातील सर्वांत उदात्त क्षण हाच. पण कथा तेथे थांबत नाही. शेवटी एक्तोरचे छायाचित्र मिळते, त्याचे कुटुंब त्याला स्वीकारते, तो नाका ओलांडतो. आणि झोपडवस्तीतील बाकीच्यांचे काय झाले हे कोणीही विचारीत नाही. नियम अन्यायाचा आहे असे कोणी म्हणत नाही. आपला माणूस त्यातून सुटला एवढ्यावर सर्वांचे समाधान होते. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांचे छायाचित्र कधी निघालेच नाही. त्यांची नावे कोणत्या वहीत नीट लिहिली गेली नाहीत; लिहिली गेली तीही अपमानाने. अशा घरातील मुलाने 'आपले पणजोबा कुठल्या वस्तीत असतील?' असे विचारले, तर चित्रपटापाशी त्याला उत्तर नाही. ते आपल्याला द्यावे लागेल.

येथे काही वाचक म्हणतील की हे सारे श्राद्धपक्षच झाले. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान यांचा स्पष्ट त्याग आहे. मग हा चित्रपट मुलांना दाखवावाच कशाला? आक्षेप गंभीर आहे, पण घाईने निकाल देऊ नये. चित्रपटातील वेदी घरची बाईमाणसे व मुले मिळून मांडतात. तेथे दक्षिणा घेणारा पुरोहित नाही, उच्चनीच जात नाही. शिवाय पाली वाङ्मयाच्या अभ्यासकाने प्रामाणिक राहिले पाहिजे. खुद्दकनिकायातील 'पेतवत्थु'त प्रेतांच्या एक्कावन्न कथा आहेत. 'तिरोकुड्डसुत्ता'त दिवंगत आप्त घराच्या भिंतीबाहेर, चौकांत व दाराशी येऊन उभे राहतात असेच वर्णन आहे. तेव्हा मेक्सिकोच्या लोकांना अंधश्रद्ध म्हणून हिणविण्याचा अधिकार आपणांस नाही. मात्र एक भेद महत्त्वाचा आहे. रडण्याने व शोकाने मृतांचे काही भले होत नाही, हेही तेच सुत्त सांगते. त्याचा भर जिवंतांनी द्यावयाच्या दानावर आहे. आपण ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जातो ते बाबासाहेब आपल्या स्मरणावर जगतात म्हणून नव्हे, तर त्या स्मरणाने आपले आचरण सुधारावे म्हणून. स्मरण हे जिवंतांच्या हितासाठी असते. एवढी एक गोष्ट मुलाला सांगितली की त्याच्या खांद्यावरील ओझे उतरते.

मुलाला शिकवावे कसे, याचा एक उत्तम नमुना मज्झिमनिकायात आहे. 'अम्बलट्ठिकाराहुलोवादसुत्ता'तील राहुल, अट्ठकथेच्या परंपरेनुसार, सात वर्षांचा होता. बुद्धांनी त्याला खोटे बोलण्याविषयी उपदेश केला तो पाण्याच्या भांड्याच्या साहाय्याने. थोडे पाणी उरवून दाखविले, ते ओतून दाखविले, भांडे पालथे करून दाखविले, शेवटी ते रिकामे दाखविले. एका वेळी एकच वस्तू, एकच विचार, आणि शिकविणारा शेजारी बसलेला. सम्राट अशोकाने भाब्रू येथील लेखात ज्या धम्मपर्यायांची शिफारस केली, त्यांत असत्यभाषणावरील या राहुलोपदेशाचाही उल्लेख आहे. 'कोको'त नेमके उलटे आहे. खून, चोरी, शाप, विस्मरण, कुटुंबाचा आग्रह आणि कलेची ओढ इतके सगळे एकाच बैठकीत येते, आणि गती अशी की मुलाला प्रश्न विचारावयास उसंत मिळत नाही. ती उसंत शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्याने द्यावयाची असते.

दोष दाखविले म्हणून गुण झाकू नयेत. दुसऱ्याची गाणी आपली म्हणून मिरविणाऱ्याची कीर्ती खोटी असते, हे एर्नेस्तोच्या पतनातून मुलांना सहज कळते. त्याहून मोलाची आहे ती म्हातारी कोको. चाकाच्या खुर्चीत बसलेली, माणसे न ओळखणारी ही पणजी घराच्या कोपऱ्यात लपविलेली नाही. मिगेल तिला सर्व काही सांगतो, तिच्याबरोबर खेळतो. अखेरीस तिच्या वडिलांचे गाणे तो तिला गाऊन दाखवितो तेव्हा तिची हरवलेली स्मृती क्षणभर परत येते. मृतांसाठी वेदी मांडण्याआधी घरातल्या जिवंत म्हाताऱ्या माणसाजवळ बसावे, हा धडा ज्या चित्रपटातून मिळतो तो टाकाऊ कसा म्हणावा?

म्हणून आमचा अभिप्राय असा. सहा वर्षांखालील मुलांना 'कोको' दाखवू नये. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना तो दोन बैठकांत, जवळ बसून आणि मध्ये थांबवून दाखवावा. चिचारोन विरून जातो तेथे अवश्य थांबावे आणि 'आपण विसरलो तरी गेलेल्यांचे काही वाईट होत नाही' हे स्पष्ट शब्दांत सांगावे. ज्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे, तेथे काही महिने जाऊ द्यावेत. नऊ वर्षांवरील मुलांना तो निःसंकोच दाखवावा आणि नंतर दोन प्रश्न विचारावेत : झोपडवस्तीतील बाकीच्या लोकांचे काय झाले? आणि नाक्यावरचा तो नियम तुम्हांला न्यायाचा वाटतो काय? बालवर्गाच्या शिक्षकांनी मुलांची उत्तरे लिहून ठेवावीत. या वयाची मुले अन्याय मोठ्यांपेक्षा लवकर ओळखतात. त्यांना बोलण्यास वाव मात्र दिला पाहिजे.