गुलाबराव महाराजांचे वाचक आणि अपंगांच्या शिक्षणाचा कायदा

वऱ्हाडात वाढलेल्या मनुष्याच्या कानांवर माधानच्या गुलाबराव महाराजांची कथा पडली नाही, असे सहसा होत नाही. १८८१ साली जन्म. वर्षाच्या आतच दृष्टी गेलेली. १९१५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी देहान्त. आणि एवढ्या अल्प आयुष्यात वेदान्त, योग, संगीत यांपासून पाश्चात्त्य तत्त्वज्ञानापर्यंत नाना विषयांवर शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ! ‘प्रज्ञाचक्षू’ ही पदवी त्यांना सर्वथा शोभते. तथापि त्यांच्याविषयी जे लिहिले-बोलले जाते त्यात एक उणीव आम्हांस नेहमी जाणवत आली आहे. लेखक त्यांच्या अंधत्वापाशी येतो, ‘चमत्कार!’ म्हणून हात जोडतो आणि तेथेच थांबतो. हे सारे ग्रंथ त्यांना वाचून कोणी दाखविले आणि त्यांच्या मुखातील वाक्ये कागदावर कोणी उतरविली, हा पुढचा साधा प्रश्न त्याच्या मनात येत नाही.

महाराजांची बुद्धी अलौकिक होती, यात वाद नाही. परंतु त्या बुद्धीपर्यंत ग्रंथ पोचविणारी माणसे लौकिकच होती. कोणी वाचीत असे, कोणी लिहून घेत असे. त्यांना वजा करा, आणि तीच बुद्धी माधानच्या ओसरीवर निमूटपणे बसून राहिली असती. तशा किती बुद्ध्या तशाच बसून राहिल्या, याची नोंद मात्र कोणत्याही चरित्रात मिळावयाची नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा हा आहे, आणि तो ग्रंथाप्रमाणेच, शब्दन्‌शब्द पाहून, वाचण्याचा आमचा विचार आहे. महाराज सहा वर्षांचे असताना, १८८७ साली, अमृतसर येथे अंधांची शाळा निघाली. ती मिशनऱ्यांच्या भूतदयेचे फळ होती. महाराज बारा वर्षांचे झाले त्या १८९३ साली इंग्लंडात कायदा होऊन अंध व बहिऱ्या मुलांना शिकविणे हे स्थानिक शिक्षणसंस्थांचे कर्तव्य ठरले. वऱ्हाडचा कारभार त्याच इंग्रजांच्या हाती होता. परंतु तेथे कर्तव्य ठरलेली गोष्ट येथे दयेवरच राहिली. पुढे या देशात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे कायदे झाले, त्यांतही कित्येक ठिकाणी मुलाचे आजारपण वा व्यंग हे त्यास शाळेत न धाडण्याचे सबळ कारण मानले गेले. म्हणजे ज्यास शाळेची गरज अधिक, त्यासच माफी!

आमची लोकपरंपराही या बाबतीत फारशी निराळी नव्हती. गाडगेबाबांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या दशसूत्रीत गरिबांच्या मुलांना शिक्षण आहे आणि अंध-पंगूंना औषधोपचार आहे. बाबांच्या करुणेला सीमा नव्हती; त्यांचा दोष दाखविण्याचा हेतू नाही. पण शाळा एका ओळीत आणि आंधळा दुसऱ्या ओळीत, ही त्या काळच्या उत्तमातल्या उत्तम मनाचीही मांडणी होती. या दोन ओळी एकत्र आणणे हेच कायद्याचे खरे कार्य होय.

ते कार्य कायद्याने कितपत केले? १९५० च्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्याने दहा वर्षांत ‘प्रयत्न’ करावा, असे पंचेचाळिसाव्या अनुच्छेदात सांगितले. १९९५ च्या कायद्याने अपंग मुलास अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण मिळेल याची हमी शासनाकडून घेतली, हे मोठे पाऊल होय; पण त्यास सर्वसाधारण शाळेत सामावून घेण्याची गोष्ट निघताच पुन्हा ‘प्रयत्न’ आला. २०१६ चा कायदा त्याहून कितीतरी विशाल आहे. अपंगत्वाचे सात प्रकार होते ते एकवीस झाले. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि भाषाविषयांत सवलत यांचा सतराव्या कलमात स्पष्ट उच्चार झाला. महाराजांना शिष्यांच्या भक्तीतून मिळालेला लेखनिक आता कोणाही मुलाच्या वाट्यास हक्काने यावा, ही कल्पना आम्हांस कोणत्याही चमत्काराहून थोर वाटते. आणि तरीही सर्वांस एकत्र शिकविण्याचे जे मुख्य सोळावे कलम, त्याचे क्रियापद पुन्हा तेच, प्रयत्न करण्याचे!

कोणी म्हणेल, अकोला जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात ब्रेल जाणणारा शिक्षक एका रात्रीत कोठून आणावा? अशक्य ते लिहिण्यापेक्षा प्रयत्न लिहिणे प्रामाणिकपणाचे नाही काय? आक्षेप रास्त आहे. परंतु घटनेतील प्रयत्नास निदान दहा वर्षांची मुदत तरी होती. २०१६ च्या कायद्यात अपंग मुलांची पहिली पाहणी दोन वर्षांत करावी असे आहे. शिक्षक तयार करून नेमण्यास मात्र मुदत नाही. मुले मोजण्यास घाई आहे, शिकविण्यास नाही, असा याचा अर्थ कोणी केल्यास त्यास काय उत्तर द्यावे?

क्रियापदाइतकेच नामही विचार करण्याजोगे आहे. ‘अपंग’ हा शब्द टाकून सरकारी मराठीने ‘दिव्यांग’ हा शब्द स्वीकारला. हेतू सन्मानाचा खरा. पण यातही तोच चमत्कार शिरला आहे. ज्याच्या अंगी दिव्यत्व आहे त्यास लेखनिक कशाला, उतरंड कशाला, असा सोयीचा निष्कर्ष त्यातून सहज निघतो. मुलास देवपण नको आहे. त्यास वर्गात जागा हवी आहे.

अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी अनाथ अपंग मुलांचे घर उभारले आहे. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची वर्षानुवर्षांची मागणी मात्र पदकाची नाही, कायद्याची आहे : अठरा वर्षे पुरी झाली म्हणून अशा निराधार मुलास बालगृहाबाहेर काढू नये, त्यास आजन्म तेथे राहता यावे. त्याच २०२४ साली तेथे वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली आणि पुन्हा ‘चमत्कार’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. पदवी आणि अशी परीक्षा ही अठराव्या वर्षानंतरची कामे होत, हे कोणी ध्यानात घेतले? त्या दिवशी तिला घर राहिले नसते, तर गौरव करावयास आपणांस कोण सापडले असते?

अलौकिक मनुष्य कायद्यावाचूनही वाट काढतो, आणि त्यास वाचक भेटतात. कायदा असतो तो बाकीच्यांसाठी. ज्यांना ग्रंथ लिहावयाचे नाहीत, केवळ चौथीचे पुस्तक वाचावयाचे आहे, त्यांच्यासाठी. माधानला जाऊन हात जोडणाऱ्याने परत येताना आपल्या गावच्या शाळेत डोकवावे आणि तेथे अशा मुलास पुस्तक वाचून दाखविणारे कोणी आहे काय, एवढे विचारावे. महाराजांच्या वाचकांची आठवण ठेवण्याचा याहून चांगला मार्ग आम्हांस दिसत नाही.