ज्वालामुखीच्या चित्रातली न हलणारी जमीन

ज्वालामुखी म्हटले की फळ्यावर एकच चित्र उमटते. शंकूसारखा डोंगर, मधोमध उभी नळी, तळाशी शिलारसाची कोठी आणि माथ्यावर धूर. विद्यार्थी त्याला नावे देतात, गुण मिळवतात. चित्रात धडधडीत चूक अशी नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या चित्रात काहीच हलत नाही. नळी आधीपासूनच मोकळी असेल तर शिलारसाला वाट फोडावी लागणार नाही. आणि वाट फोडायची नसेल तर खडक तुटणार कशाला, जमीन फुगणार कशाला? भूकंपाचा धडा वेगळा आणि ज्वालामुखीचा वेगळा, ही फारकत या नळीपासूनच सुरू होते.

याच्या शेजारी एक जुने चित्र ठेवून पाहा. चार्ल्स लायेल यांच्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडाच्या (१८३०) आरंभी ते छापले होते. त्यात धूर नाही, लाव्हा नाही. इटलीत नेपल्सजवळच्या पोझ्झुओली गावातले रोमन काळातले तीन संगमरवरी खांब आहेत, एवढेच. (त्याला सेरापिसचे मंदिर म्हणत, प्रत्यक्षात ती बाजारपेठ होती.) खांब तळापासून सुमारे साडेतीन मीटरपर्यंत गुळगुळीत आहेत. त्यावरच्या जवळजवळ तीन मीटर पट्ट्यात समुद्रातल्या शिंपल्यांनी पोखरलेली भोके आहेत. समुद्री प्राणी इतक्या उंचावर कसे चढले? वर्गात हा प्रश्न टाकून गप्प बसावे. खांब उभेच राहिले, जमीन त्यांना घेऊन समुद्रात उतरली आणि पुन्हा वर आली. खालचा भाग तेव्हा गाळात पुरलेला होता, म्हणून तो वाचला.

पोझ्झुओली हे गाव कॅम्पी फ्लेग्रेई या विस्तीर्ण ज्वालामुखी-कुंडातच वसले आहे. लायेल यांच्या चित्राने जमिनीची हालचाल दाखवली, पण ती कोण करते हे दाखवले नाही. हा दोष खरा, मात्र आजही त्याचे उत्तर सोपे नाही. १५३८ साली येथे जमीन वर आली आणि मग उद्रेक होऊन मोंते नुओव्हो ही नवी टेकडी तयार झाली. १९८२ ते १९८४ या काळात जमीन सुमारे १.८ मीटर उचलली गेली, हजारो लहान भूकंप झाले, जवळजवळ ४०,००० लोकांना घरे सोडावी लागली, आणि उद्रेक झालाच नाही. २००५ पासून जमीन पुन्हा वर येते आहे. २० मे २०२४ रोजी तेथे ४.४ तीव्रतेचा धक्का बसला. खालून दाबणारा शिलारसच आहे, की त्यातून सुटलेले वायू आणि तापलेले पाणी, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. फुगलेली जमीन दाब वाढल्याचे सांगते, दाबणाऱ्याचे नाव सांगत नाही.

आइसलँडमधील ग्रिंडाविकची गोष्ट याहून स्पष्ट आहे. १० नोव्हेंबर २०२३ रोजी शिलारस नळीतून वर न येता खडक चिरत आडवा धावला आणि उभ्या पात्यासारखी सुमारे १५ किलोमीटर लांबीची भेग त्याने भरून टाकली. द्रवाला तडा जात नाही. तडे गेले ते भोवतालच्या थंड, कठीण खडकाला. त्या धक्क्यांची ठिकाणे नकाशावर मांडली तेव्हा शिलारसाची वाट दिसू लागली. पात्याच्या वरचा जमिनीचा पट्टा मीटरभराहून अधिक खचला, दोन्ही कडा बाजूंना सरकल्या आणि जेथून शिलारस निघाला त्या स्वार्त्सेंगी भागातली फुगलेली जमीन खाली बसली. जवळजवळ चार हजार वस्तीचे गाव त्या रात्री रिकामे केले गेले. रस्ते फाटले होते, पण लाव्हाचा थेंबही बाहेर आला नव्हता! पहिला उद्रेक झाला १८ डिसेंबरला. आपल्या आकृतीत ही रात्र कोठे दाखवणार?

याच आकृतीमुळे उलटी चूकही होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाचा विषय निघाला की ‘आपला काळा दगड लाव्हाचाच, मग खाली शिलारस हलला का?’ असे मुले विचारतात. प्रश्न हुशारीचा आहे. पण दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला. किल्लारीला जुन्या खडकात साठलेला ताण मोकळा झाला.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेसाळणारा डोंगर मला म्हणूनच आवडत नाही. त्याऐवजी पसरट ट्रेमध्ये लांब नळी जोडलेला फुगा ठेवावा, त्यावर ओलसर वाळू दाबून बसवावी आणि नळीतून हळूहळू फुंकावे. वाळू उचलली जाते, माथ्यावर भेगा पडतात. हवा सोडली की ती खचते. फुगा ग्रिंडाविकसारखी वाट फोडत नाही, ही उणीव मुलांना सांगून टाकावी. मग हवेऐवजी पाणी भरून तोच प्रयोग करावा आणि नळी न पाहिलेल्या मुलाला विचारावे, आत काय आहे?