एल ग्रेको : शिक्षण आणि स्वाक्षरी

'एल ग्रेको' हे नाव चित्रकाराने आपल्या चित्रांवर घातलेले नाही. 'एल' हे स्पॅनिश उपपद आणि 'ग्रेको' हा इटालियन शब्द यांच्या संकरातून ते बनले आहे. शुद्ध स्पॅनिशमध्ये ग्रीक माणसास 'ग्रिएगो' म्हणतात. चित्रांवर आढळते ते दोमेनिकोस थेओतोकोपुलोस हे मूळ नाव, आणि तेही ग्रीक लिपीत. स्पेनमध्ये सदतीस वर्षे काढूनही त्याने ही लिपी सोडली नाही. यावरून कित्येक समीक्षकांनी मातृभूमीच्या ओढीचा निष्कर्ष काढला आहे. स्वाक्षरीची भाषा नीट तपासली असता तो निष्कर्ष घाईचा ठरतो.

१५४१ मध्ये क्रीट बेटावरील कांदिया (आजचे इराक्लिओ) येथे त्याचा जन्म झाला. त्या वेळी क्रीट व्हेनिसच्या सत्तेखाली होते आणि तेथील मूर्तिपट रंगविणारे चित्रकार बायझंटाइन परंपरा व इटालियन वळण अशा दोन्ही पद्धतींत काम करीत. १५६३ च्या एका दस्तऐवजात तो 'उस्ताद' म्हणून निर्दिष्ट आहे. १५६६ च्या डिसेंबरात ख्रिस्ताच्या यातनांचा सोनेरी पार्श्वभूमीवरील एक पट सोडतीने विकण्याची परवानगी त्याने मागितली. क्लोंत्झास या तिथल्याच नामांकित चित्रकाराने त्या पटाचे मोल ७० डुकाट ठरविले. तेव्हा व्हेनिसला गेला तो शिकाऊ पोर नव्हे, तर आपल्या परंपरेत सिद्ध झालेला कारागीर होता. रोममधील लघुचित्रकार क्लोव्हिओ याने १५७० च्या पत्रात त्याला तितियानचा शिष्य म्हटले, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावला पाहिजे. शिफारसपत्रातील 'शिष्य' हा शब्द नेहमीच सैल असतो.

आता स्वाक्षऱ्या. क्रीटमधील आरंभीच्या पटांवर 'खेइर दोमेनिकू', म्हणजे 'दोमेनिकोसचा हात', अशी साधी मोहर आहे. मूर्तिपटकारांची ही रूढ रीत होय. कर्ता येथे हातामागे दडतो. सिरोस बेटावरील एका चर्चमध्ये १९८३ साली मरियेच्या महानिद्रेच्या पटावर मात्र 'हो देइक्सास', म्हणजे 'ज्याने दाखविले तो', असे सापडले. हे रूप संस्कृत 'दिश्' धातूच्या सजातीय धातूपासून आले आहे. येथे कर्ता पुढे येतो, आणि तो 'करणारा' नसून 'दाखविणारा' आहे. पंचविशी नुकती गाठलेल्या तरुणाची ही शब्दनिवड सहज झालेली वाटत नाही.

इटलीनंतरच्या चित्रांवर 'एपोइएइ' हे क्रियापद स्थिर होते. काही ठिकाणी त्यापूर्वी 'क्रेस', म्हणजे 'क्रीटचा', असेही येते. 'एपोइएइ' हा अपूर्ण भूतकाळ आहे. मराठीत 'केले' आणि 'करीत होता' यांत जे अंतर, तेच येथे अभिप्रेत आहे. प्लिनीने नोंदविले आहे की अपेलीस आणि पोलिक्लितोस यांच्यासारखे थोर कलावंत आपल्या कृतींवर असेच अपूर्ण रूप लिहीत, जणू काम अजून संपले नाही आणि सुधारणेस जागा आहे. प्रबोधनकाळी हा संकेत पुन्हा रूढ झाला; मिकेलांजेलोच्या 'पिएता'वरील लॅटिन 'फाकिएबात' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. म्हणजे ज्या क्रियापदास क्रीटच्या आठवणीचा पुरावा मानले जाते, ते बहुधा इटलीतल्या विद्वानांच्या संगतीत गवसले. ग्रीकपणा त्याने बाहेर राहून, ग्रंथांतून, नव्याने घडविला असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. मृत्यूनंतरच्या यादीत त्याच्या सुमारे १३० ग्रंथांपैकी २७ ग्रीक होते, हेही येथे ध्यानात घ्यावे.

पण म्हणून बायझंटाइन शिक्षणाचा ठसा नाकारण्याची दुसरी टोकाची भूमिकाही टिकत नाही. व्हासारीच्या ग्रंथातील त्याच्या हस्तलिखित टिपांत ग्रीक रीतीची बाजू त्याने स्वतःच मांडली आहे. व्हासारीने हिणविलेल्या त्या रीतीत मार्मिक कठीणता आहे आणि तिच्यापुढे जोत्तो साधा वाटतो, असा त्याचा आशय. या टिपा स्पॅनिशमध्ये, मधूनमधून इटालियन मिसळून, लिहिल्या आहेत. ग्रीक रीतीचे समर्थन त्याने ग्रीकेतर भाषेत केले, ही गोष्ट त्याच्या लांबट आकृतींविषयीच्या चर्चेपेक्षा अधिक बोलकी आहे. (नेत्रदोषामुळे त्या आकृती लांबट झाल्या, हा तर्क तर आधीच निकालात निघाला आहे, दोष डोळ्यात असता तो पटाकडे पाहतानाही तसाच राहिला असता.)

१५८६ ते १५८८ या काळात रंगविलेल्या 'ओर्गासच्या सरदाराचे दफन' या चित्रात वर मरियेचा व संतांचा लोक आणि खाली तोलेदोतील प्रतिष्ठितांची ओळ आहे. दोन लोकांची ही रचना महानिद्रेच्या जुन्या पटांशी ताडून पाहणे काही समीक्षकांनी टाळले. सिरोसचा पट उजेडात आल्यानंतर ते टाळण्यास कारण उरलेले नाही.