कोंबडी आणि चमेली

अंजनगाव सुर्जी इतिहासात आहे ते 1803 च्या तहामुळे. दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांना मुलूख दिला तो इथेच. परवा इथल्याच एका लग्नात मी दुसरा तह पाहिला. वरपक्षाला ‘चिकनी चमेली’ हवी होती, वधूपक्षाला ‘कोंबडी पळाली’. बँडने एकच चाल धरली आणि दोन्ही पक्ष आपलीच सरशी झाली असं समजून नाचले. क्लॅरोनेटला कुठली आलीय भाषा?

‘जत्रा’ (2006) मधली ही कोंबडी अजय-अतुल यांची. 2012 च्या ‘अग्निपथ’साठी त्यांनीच तिची चमेली केली. म्हणजे चोरी नव्हे, घरचाच व्यवहार. पण मला विचाराल तर मी कोंबडीच्या बाजूचा. चमेली नटलेली खरी, पण हिंदी सिनेमाच्या कुठल्याही गुत्त्यात खपून जाईल अशी. कोंबडी आपल्या अंगणातून पळालेली, आनंद शिंद्यांच्या आवाजात (इथेही शिंदे आहेतच!) जत्रेची धूळ आहे. आणि आमचा भाचा तिला चमेलीची मराठी नक्कल म्हणतो!

वरातीनंतर बँडमास्तरांना गाठलं. “मास्तर, खरं सांगा, वाजवलं कोणतं?”

“येकच हाय ना बाप्पा,” ते म्हणाले, “बक्षीस मातर दोन्हीकून भेटलं.”