वेड्यांची चरित्रे

मोर्शी तालुक्यातील ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंस तेराव्या शतकातील त्यांचे गाव वेडे म्हणत असे, आणि त्यांच्या चरित्रात म्हैंभटांनी ते लपविलेले नाही. गुंडम राऊळ तेथे देवळांतील मूर्तींशी खेळतात, अकारण हसतात, चिडतात, कोणाच्याही घरात शिरून हाती लागेल ते खातात. ब्राह्मणाच्या ओसरीवरून महारामांगांच्या वस्तीत जातात व तसेच परततात. म्हैंभट स्वतः त्यांस ईश्वर मानणारे. तरीही हे वेड वरवरचे, आत शहाणपण दडलेले, अशी मखलाशी ते करीत नाहीत. वेड आणि ईश्वरत्व एकाच प्रसंगात शेजारी बसतात. वाचकाने त्यांची संगती आपली आपण लावावी. या गद्याचे थोरपण आम्हांस येथेच दिसते.

वऱ्हाडातच पुढे गाडगेबाबा (१८७६–१९५६) झाले. शेंडगावचा हा मुलगा अकोला जिल्ह्यातील दापुऱ्यास मामाकडे वाढला. मुलीच्या बारशाला रिवाजाचे मांसमद्य टाळून त्याने गोडाचे जेवण घातले, तेव्हा भाऊबंद चकित झाले. १९०५ मध्ये पत्नी कुंताबाई, मुले व आई यांस सोडून तो निघून गेला, तेव्हा तर त्यास शहाणा कोण म्हणणार? पुढे अंगावर चिंध्या, हाती खराटा, आणि परक्या गावचे रस्ते झाडणे. आज अमरावतीच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे, ऋद्धिपुरास मराठी भाषा विद्यापीठ निघाले आहे. या दोघांस वेडे म्हणणारा आता स्वतःच वेडा ठरेल.

परंतु शाळकरी मुलांसाठी लिहिलेल्या बाबांच्या चरित्रपुस्तिका चाळताना आमचे समाधान होत नाही. त्यांत भाऊबंद अडाणी, बाबा पहिल्या पानापासून महात्मा, आणि वाचक आपोआप महात्म्याच्या बाजूस! त्या भाऊबंदांची जागा आपणही घेतली असती, ही शंकाच मुलांस शिवू दिली जात नाही. (दारी चिंध्या पांघरलेला मनुष्य आला तर आपण काय करतो, हे ज्याचे त्याने आठवावे.) घरच्यांचा आक्षेप खोटा नव्हता; खाणारी तोंडे मागे होतीच. तो आक्षेप पुरता मांडल्यावाचून त्या जाण्याची किंमत कळत नाही. कुंताबाईंचे म्हणणे आमच्या वाचनातील पुस्तिकांत अर्ध्या वाक्यात आटोपते. म्हैंभट गावोगाव फिरून, ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांस विचारून लिहीत; ते दापुऱ्यास गेले असते, तर आधी कुंताबाईंच्याच दारी थांबले असते.