काचवस्तूंचा संग्रह आणि नोंदींचा प्रश्न : तळेगावच्या काचेच्या संदर्भात

जुन्या अमेरिकन नक्षीदार काचसामानाचा संग्रह हा आता स्वतंत्र अभ्यासविषय झाला आहे. १८८७ मध्ये ओहायोत स्थापन झालेली व १८९१ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील माउंड्सव्हिलला गेलेली फोस्टोरिया ही कंपनी त्यात अग्रगण्य होय. पोलादी पाटीवरील नक्षी आम्लरोधक मेणाच्या लेपाने पातळ कागदावर घ्यावयाची, ती पेल्यावर उमटवावयाची, उर्वरित भाग मेणाने झाकून पेला हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवावयाचा. उघड्या काचेवर आम्ल नक्षी कोरते. एकाच पाटीवरून असंख्य पेले सजत असल्याने यात हस्तकौशल्याची अपूर्वाई मर्यादितच आहे. तरीही १९२८ चे 'जून' हे नक्षीनाम संग्राहकांना पाठ असते. याचे कारण काचेत नसून कागदात आहे : कारखाना १९८६ मध्ये बंद झाला, परंतु त्याच्या सूचिपत्रकांमुळे प्रत्येक नक्षीला नाव व काळ राहिला.

आपल्याकडे नेमके उलट घडले. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून, लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने, १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. जपान व अमेरिकेत काचविद्या शिकलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे होते. पुढे १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले काच कारखाना निघाला व 'प्रभाकर' कंदील घरोघरी पोचला. या प्रयत्नांचे वर्णन स्वदेशीच्या इतिहासात आदराने येते. परंतु त्यात देशभक्ती दिसते, काच दिसत नाही. तिचा रंग, जाडी, बुडबुडे, साच्याचा सांधा यांविषयी आपले लेखन बहुतांशी मौन पाळते. ही उणीव गंभीर आहे.

कंदिलाची काच ही काय संग्रहाची वस्तू, असा आक्षेप येईल. पण दिनकर केळकरांनी अडकित्ते व दिवे संग्राह्य ठरविलेच ना? शोभेचा निकष येथे गैरलागू आहे; राखेने रोज पुसली जाणारी काच वापराच्या निकषावरच तपासावी लागेल.

जुन्नर-आंबेगाव परिसरात हे काम तातडीचे आहे. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. स्थलांतरात तांब्या-पितळ टिकते, काच टिकत नाही. ज्या घरांच्या माळ्यावर ती अद्याप आहे, तेथे विद्यार्थ्यांनी उंची, तोंडाचा व्यास, काचेवरील अक्षरे आणि ती कोणत्या बाजारातून आणली याची घरातील वृद्धांनी सांगितलेली माहिती एकाच तक्त्यात नोंदवावी. घासूनपुसून चकचकीत करण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे. काजळीही नोंदीचाच भाग आहे.